बायांची उघाडी

सोसायटीचं मागचं दार बंद करायचा ठराव झाला, तेव्हा हात वर करणाऱ्यांत मीही होते.

आमची सोसायटी नायगाव पूर्वेला, खाडीच्या बांधाला अगदी लागून. उल्हास नदी डोंगरातून निघते, पण आमच्यापर्यंत पोचते तेव्हा तिची रुंद, खारी, चिखलाळ खाडी झालेली असते. कंपाउंडच्या मागच्या भिंतीला एक लहान लोखंडी दार होतं. दारापलीकडे बांध, बांधावर पंधरा-वीस बैठी घरं. पूर्वी मिठागरात राबलेली ही माणसं. त्यांना मोठ्या रस्त्यावर रिक्षा पकडायची तर आमच्या आवारातून जाणं सोयीचं पडे, नाहीतर बांधावरून भलामोठा वळसा. सकाळी त्यांच्या बायका टोपल्या घेऊन जात, फरशीवर ओल्या पावलांचे ठसे उठत आणि पार्किंगमध्ये सुक्या मासळीचा वास राही.

"सुरक्षेचा प्रश्न आहे," सेक्रेटरी म्हणाले. ते बँकेतून निवृत्त झालेले, मूळचे मालवणकडचे. आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणायचो. स्वतः मासळीशिवाय न जेवणारा हा माणूस मासळीच्या वासाचं नाव घेऊ शकत नव्हता, म्हणून त्यांनी सुरक्षा पुढे केली. मला ते कळत होतं. तरी मी हात वर केला. दाराला कुलूप लागलं.

मी सातारा जिल्ह्यातली. लग्नानंतरची काही वर्षं डोंबिवलीत भाड्याच्या खोलीत काढली आणि चौदा वर्षांपूर्वी इथं दुसऱ्या मजल्यावर स्वतःचं घर घेतलं. मिस्टर गोखिवऱ्याच्या एका छोट्या कारखान्यात टूलरूमला आहेत. मी अंधेरीत एका आर्किटेक्टकडे ड्रॉइंगं काढते. आधी बोर्डावर, शाईच्या पेनानं, आता संगणकावर. गावाकडे कुणी विचारलं, "नायगाव म्हणजे कुठं गं?" तर मी "वसईजवळ" म्हणायची आणि विषय बदलायची. वसईला किल्ला आहे, वाड्या आहेत, चर्च आहेत. आमच्याकडे काय होतं? खाजण, खारफुटी आणि इमारती. या जागेला काही इतिहास असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं. दुसऱ्यांच्या जमिनींचे नकाशे मी दिवसभर काढत असे. माझ्या पायाखालच्या जमिनीचा नकाशा कधी बघितला नव्हता.

दरवर्षी पावसाळ्यात आवारात घोटाभर पाणी साचायचं. बिल्डर म्हणाला होता, भाग सखल आहे, चालायचंच. आम्हीही ते चालवून घेतलं होतं. दार बंद झालं त्या वर्षीच्या जुलैत मात्र दोन दिवस पाऊस थांबलाच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून गॅलरीतून बघते तो खाली स्कूटरी दिसेनात, नुसते आरसे पाण्यावर. वीज गेलेली, लिफ्ट बंद. तळमजल्याच्या चारही घरांत पाणी शिरलेलं. त्यांतल्या एका घरात खुब्याचं ऑपरेशन झालेले गृहस्थ होते. त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून मिस्टर आणि आणखी तिघांनी वर आणलं आणि आमच्या दिवाणावर निजवलं. ते बिचारे सारखे म्हणत होते, "माझी फाइल राहिली, माझी फाइल राहिली." त्यांची बायको कमरेएवढ्या पाण्यातून परत गेली आणि हॉस्पिटलची फाइल डोक्यावर धरून आली.

काका जिन्यात उभे राहून फोन लावत होते. लागत नव्हते. मीटरच्या खोलीत पाणी मीटरपासून वीतभर खाली होतं.

आठच्या सुमाराला मागच्या दारावर कुणीतरी दगडानं ठोकायला लागलं.

"खोला! दार खोला!"

आम्ही जिन्याच्या खिडकीतून बघितलं. बांधावर एक म्हातारी उभी होती. गुडघ्यापर्यंत खोचलेलं नऊवारी, डोक्यावर खताची रिकामी पिशवी उलटी घातलेली, हातात काठी. तिला मी ओळखत होते. दार बंद झाल्यापासून ती वळसा घालून जायची, आणि आमच्या गेटसमोरून जाताना एकदाही आत बघायची नाही.

काकांनी किल्ली शोधली. सापडली नाही. शेवटी मिस्टर पहार घेऊन पाण्यातून गेले आणि त्यांनी कुलूप तोडायच्या नादात दारच बिजागरीतून उखडलं. मीही मागोमाग गेले. म्हातारी उंबऱ्यावर उभी राहून आमच्या आवाराकडे बघत राहिली. चेहऱ्यावर राग होता, पण दार बंद केल्याचा नव्हे.

"आज चवथ," ती म्हणाली. "पहाटे तीनला भरती झाली. आता नऊला पुरी सुकती. खाडीन पानी पार खाली गेलाय, नि तुमच्या अंगनात कंबरभर? उघाडी कोनी बुजवली?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. उघाडी म्हणजे काय, हेच कुणाला माहीत नव्हतं.

तिनं काठीनं पाण्यावर रेघ ओढल्यासारखं करून सांगितलं. बांधाच्या पोटातून एक दगडी मोरी काढलेली असते. तिच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना खाचा आणि खाचांत लाकडी फळ्या. सुकती म्हणजे ओहोटी लागली की फळ्या वर ओढायच्या, आतलं पाणी खाडीत जातं. भरती यायच्या आत फळ्या टाकायच्या, खाडीचं पाणी बाहेर राहतं. मिठागरं होती तेव्हा इथं अशी उघाडी होती, आणि ती नेमकी आमच्या शेवटच्या इमारतीच्या मागे.

"तीन वाजता भरती हाय," ती म्हणाली. "त्याच्या आधी पानी काडला नाय, तर तुमचा पयला माळा पन जाईल."

पहिला मजला गेला नसता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मीटर गेले असते, तळमजल्याची घरं छातीपर्यंत गेली असती. काका म्हणाले, "आजी, कुठं खणायचं ते दाखवा."

शेवटच्या इमारतीमागे भिंतीला लागून राडारोड्याचा ढीग होता. इमारती बांधून झाल्यावर उरलेलं काँक्रीट, विटांचे तुकडे, माती तिथंच टाकलेली. त्यावर गवत उगवून आता ती टेकडीच वाटायची. म्हातारी बांधावरच्या एका दगडापाशी गेली. त्या दगडाला पूर्वी होड्या बांधत. तिथून तिनं अकरा पावलं मोजली आणि काठी रोवली.

सोसायटीत जेवढी फावडी, घमेली, बादल्या होत्या तेवढ्या बाहेर आल्या. तिसऱ्या मजल्यावरचे गुजराती आजोबा, जौनपूरकडचं रिक्षावाल्यांचं कुटुंब, आम्ही, सगळे पावसात ओळीनं उभे राहिलो आणि माती हातोहात मागे द्यायला लागलो. अर्धा तास खणलं. विटा निघाल्या, सिमेंटच्या पिशव्या निघाल्या, उघाडी नाही.

"आजी, नक्की इथंच ना?" काकांनी विचारलं. त्यांचा आवाज चढला होता. "वेळ जातोय."

ती पुन्हा बांधावर चढली आणि खाडीकडे तोंड करून उभी राहिली. जुन्या रेल्वे पुलाकडे बघितलं, मग पाणजू बेटाच्या टोकाकडे. मान इकडे, मान तिकडे. मग आमच्या इमारतीकडे वळून म्हणाली, "ही मधी आली ना, म्हनून चुकला. दगडाकरून नाय, पुलाकरून धराचा व्हता. डावीकडं सरा. तीन पावलं."

तीन पावलं सरकलो. पाचव्या-सहाव्या घमेल्याला फावडं ठण्णकन वाजलं. काळा घडीव दगड. त्याच्या बाजूला खाच, आणि खाचेत चिखलानं माखलेली, काळीठिक्कर पडलेली सागाची फळी.

फळी हलेना. चौघांनी पहार लावली तरी नाही. तेव्हा मिस्टर म्हणाले, "थांबा," आणि घरी पळाले. कारखान्यातून दुरुस्तीला आणलेली चेन-पुली आमच्या गॅलरीत पडून होती. तिच्यावरून आठवडाभर मी त्यांच्याशी भांडत होते, घराचं भंगारखातं केलंय म्हणून. तीन बांबूंची तिवई बांधून त्यांनी पुली टांगली, साखळी फळीच्या कडीत अडकवली आणि ओढायला लागले. लाकूड कण्हल्यासारखं वाजलं. बोटभर वर आलं. मग वीतभर. आणि खालून पाणी सुटलं.

तसा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. आवारातलं सगळं पाणी त्या एका तोंडाकडे वळलं. चपला, बाटल्या, कुणाची तरी कुंडी, सगळं तिकडे ओढलं जायला लागलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. म्हातारी ओरडली, "पोरांना दूर करा! वडून नेल."

साडेअकराला पाणी गुडघ्यावर आलं. साडेबाराला घोट्यावर. तळमजल्याच्या बायका झाडू घेऊन घरांत शिरल्या. मी बांधावर म्हातारीशेजारी जाऊन बसले. ती मोरीच्या तोंडाकडे एकटक बघत होती.

"फळी टाका आता," ती म्हणाली.

"अजून जातंय की पाणी," काका खालून म्हणाले. "दहा मिनिटं राहू द्या."

"मोरीन कचरा बघा. जातंय का?"

आम्ही वाकून बघितलं. मघापर्यंत खाडीकडे धावणारा पालापाचोळा मोरीच्या तोंडाशी थांबला होता. पुढे जाईना, मागे येईना. आणि आमच्या डोळ्यांदेखत एक थर्माकोलचा तुकडा हळूच उलटा फिरला आणि आत यायला लागला.

मिस्टरांनी साखळी सोडली. फळी धाडकन खाली बसली. पोत्यांत माती भरून फटी बुजवल्या.

तीन वाजता मी बांधावर उभी होते. एका बाजूला खाडी काठाशी आलेली, हात घातला असता तर पाणी लागलं असतं. दुसऱ्या बाजूला, पुरुषभर खाली, आमचं आवार, आणि त्यात लोक चुलीवर चहा करत होते. मधे फक्त तो मातीचा बांध. अकरा वर्षं मी त्याच्याशेजारी राहत होते आणि तो तिथं का आहे, हे त्या दिवशी मला कळलं.

संध्याकाळच्या ओहोटीला पुन्हा फळी काढली आणि उरलंसुरलं पाणी गेलं. काकांनी स्वतः कपबशीतून म्हातारीला चहा नेऊन दिला. तिनं चहा प्यायला, कप खाली ठेवला आणि उखडलेल्या दाराकडे बोट दाखवलं.

"हा बसवाल ना परत?"

माझी मान खाली गेली. दार आठ दिवस भिंतीला टेकून उभं होतं, मग भंगारवाल्याला दिलं. ते पुन्हा बसवायचा ठराव आजतागायत कुणी मांडलेला नाही.

पुढच्या रविवारी मी तिच्या घरी गेले. बरोबर भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि ट्रेसिंग पेपरची गुंडाळी. भाकरी आभार मानायला नेली होती. ट्रेसिंग पेपर मी का उचलला, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं. एवढंच वाटत होतं, की ती उघाडी जशी ढिगाखाली गेली तसं आणखी बरंच काहीतरी खाली असणार, आणि ते फक्त या बाईला माहीत आहे.

"आजी, इथं पूर्वी काय काय होतं ते सांगा. मी काढते."

"काडून काय करतंस, बाय?"

"राहील."

ती हसली. मी सोसायटीच्या प्लॅनवर ट्रेसिंग पेपर पसरला आणि समजावून सांगायला लागले, खाली हा रस्ता, मधे या इमारती, वर खाडी. ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, तेव्हा नकाशाही समजत नसेल, असं मी गृहीत धरलं. तेवढ्यात तिनं कागद दोन्ही हातांनी धरला आणि सरळ उलटा फिरवला.

"खाडी खाली ठेव," ती म्हणाली. "आमी खाडीतून वर येतो. तुमी रस्त्यावरून येता, म्हनून तुमना उलटा दिसतो."

आणि मग ती बोटानं सांगत गेली. इथं धक्का. इथं मचवे लागायचे, मीठ भरून ठाण्याला, मुंबईला जायचे. इथून इथवर मिठाचे वाफे. "तुमची लिफ्ट हाय ना, तिथं मिठाची रास." इथं गवतानं शाकारलेली कामगारांची घरं. इथं गोड्या पाण्याची विहीर, तीही एकच. बाकी सगळं खारं. ही वाट बाजाराची. वसईकडच्या सांडोर गावच्या वाडीवाल्या बायका केळी आणि भाजी घेऊन यायच्या आणि बदल्यात मीठ न्यायच्या. मीठ काढायच्या दिवसांत पायांना भेगा पडायच्या, त्यांत खार शिरायचा. "रातचा पाय पान्यान ठेवून बसाचो आमी," ती म्हणाली, आणि मला आपले पाय दाखवले. नंतर मिठागरं बंद पडत गेली, रेतीच्या होड्या आल्या, त्याही गेल्या. मग इमारती आल्या. "तुमी आले," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मचवे आले, होड्या आल्या, तशाच आम्हीही आलो होतो.

तेव्हापासून होळीपर्यंत दर रविवारी मी जात राहिले. एकेक कागद भरत गेला. एका रविवारी मी उघाडीवर खूण करताना विचारलं, "हिला काही नाव होतं का?"

"बायांची उघाडी."

"बायांची का?"

तेव्हा तिनं ती हकिगत सांगितली. ती नवीन लग्न होऊन आली होती. पौर्णिमेचं उधाण आलं आणि बांधाला खांड पडली. पुरुष सगळे मचवे घेऊन मुंबईला गेलेले. इथं होत्या त्या बाया आणि म्हातारी माणसं. वाफ्यांत तयार मीठ, आणि खाडी आत येत होती. ओहोटी लागल्याबरोबर बाया उतरल्या. चिखल काढायचा, टोपलीनं वाहायचा, खांडीत टाकायचा. भरती आली की सगळं धुऊन जायचं. पुन्हा ओहोटी, पुन्हा टोपल्या. सांडोरहून ओळखीच्या वाडीवाल्यांनी बैलगाडीभर नारळाच्या झावळ्या पाठवल्या, त्या चिखलात घातल्या तेव्हा माती धरायला लागली. पण मधलं तोंड काही बुजेना.

"माजी सासू उठली," ती म्हणाली, "घरी गेली, नि घराचा दार काडून डोक्यावर घेऊन आली. म्हनली, घाला हा मधी. दार उभा केला, मागून माती लोटली. पानी थांबला. आमचा घर आठ दिस बिनदाराचा व्हता."

पुरुष परत आले तेव्हा बांध उभा होता. मिठागराच्या मालकानं त्याच जागी दगडी मोरी बांधून घेतली, आणि पहिल्या फळ्या त्या दाराच्याच केल्या. तेव्हापासून ती बायांची उघाडी. तिची राखणही बायांकडेच आली. तिथी बघून फळ्या काढायच्या आणि टाकायच्या, हे काम सासूनं केलं, मग हिनं केलं, मिठागर बंद पडेपर्यंत.

मी ही गोष्ट ताडून बघायला शेजारच्या घरातल्या दुसऱ्या आजींकडे गेले. त्यांनी तीच हकिगत सांगितली, शब्दही जवळजवळ तेच. फक्त दार त्यांच्या सासूचं होतं. मी परत येऊन हे सांगितल्यावर आमच्या आजी उसळल्या, "तिच्या घराला दार व्हता कवा? बांबूची तट्टी व्हती!" दोघींचं त्यावरून दोन रविवार बोलणं बंद होतं. मी नकाशाच्या कडेला दोन्ही घरांचं म्हणणं लिहून ठेवलं.

नकाशा पूर्ण झाला तेव्हा काका म्हणाले, "वहिनी, हे प्रभाग कार्यालयात न्यायला हवं. दर पावसाळ्यात चेन-पुली लावून कसं चालेल?" आम्ही तिघं गेलो, काका, आजी आणि मी. तिथले इंजिनियर तरुण होते, बोलायला सरळ. त्यांनी नकाशा नीट बघितला.

"मॅडम, काम सुंदर आहे. पण अशी काही मोरी आमच्या कागदांत नाही. आणि आजींच्या आठवणीवर मी प्रस्ताव कसा करू?"

"तुमी येऊन बघा," आजी म्हणाल्या.

"येईन. पुढच्या बुधवारी येतो."

आजींनी बोटांवर मोजलं. "बुधवारी नवमी. पावणेसातला भरती. एकच्या सुमाराला या, मोरी पुरी उघडी दिसंल."

इंजिनियरांनी फोन काढला आणि भरतीचं वेळापत्रक उघडलं. आम्ही वाट बघत बसलो. ते जरा वेळानं म्हणाले, "सहा एकावन्न." मग फोन बाजूला ठेवून खुर्ची पुढे ओढली. "आजी, हे कसं काढलंत?"

"तिथीची पाऊणपट," आजी म्हणाल्या. नवमी म्हणजे नऊ, नऊची पाऊणपट पावणेसात. चौथीला तीन. लहानपणी शिकलेला हिशेब. मला वाटतं, त्या खोलीत तो माहीत नसलेले आम्ही सगळे शिकलेलेच होतो.

बुधवारी ते एक वाजता आले. मोरीत उतरले, टेप लावला, पँट चिखलानं भरली. त्यानंतरही काम लगेच झालं नाही. तीन-चार चकरा झाल्या, दोन पत्रं गेली, एकदा फाइल कुठे आहे ते कुणालाच सांगता येईना. पण पावसाळ्याच्या तोंडावर राडारोडा उचलला गेला, मोरीकडे जाणारा नाला मोकळा झाला आणि जुन्या दगडांच्या खाचांत लोखंडी चौकट बसवून नव्या फळ्या आल्या. पालिकेच्या ड्रॉइंगवर त्या जागेला एक नंबर होता. इंजिनियरांनी मला विचारलं, "नाव काही घालायचं का?" मी माझ्या नकाशावरचं नाव दाखवलं. त्यांनी ते तसंच्या तसं घातलं.

छापलेली प्रत हातात आली तेव्हा मी बांधावर पळत गेले. आयुष्यात शेकडो ड्रॉइंगं काढली, कोपऱ्यात माझी आद्याक्षरंही असतात, पण कुठल्याही कागदाचा मला एवढा अभिमान वाटला नव्हता. मी आजींचं बोट धरून अक्षरांवरून फिरवलं. बा-यां-ची उ-घा-डी.

"दाराचा लिवलाय का?" त्यांनी विचारलं.

"नाही आजी. एवढी जागा नसते नकाशात."

"मंग तू लिव," त्या म्हणाल्या. "माज्या सासूचा. शेजारनीचा नाय."

त्याला आता दोन पावसाळे झाले. सोसायटीत फळ्यांची पाळी लावली आहे, आठवड्याला दोन घरं. जिन्याच्या भिंतीवर काका महिन्याच्या तिथी आणि भरतीच्या वेळा लिहितात. जौनपूरच्या ताईंना चतुर्थी-पंचमी आधीपासूनच पाठ होती, पाऊणपट त्या एका दिवसात शिकल्या. गेल्या जुलैत तसाच पाऊस पडला, सलग तीन दिवस. आमच्या आवारात पाणी आलं आणि गेलं. तळमजल्यावरच्या कुणालाही खुर्चीत बसवून वर आणावं लागलं नाही. खुब्याचे ते गृहस्थ आता काठी टेकत बांधावर फिरायला जातात.

गावाकडचे पाहुणे आले की पूर्वी मी त्यांना वसईचा किल्ला दाखवायला घेऊन जायची. आताही नेते. पण आधी मागच्या वाटेनं बांधावर नेते आणि काळे दगड दाखवते. माझ्या थोरल्या जावेनं ते बघून विचारलं, "एवढंच?" मी तिला तिथं उभी करून सगळी हकिगत सांगितली. ती निघताना वाकून त्या दगडाला हात लावून पाया पडली. आमच्याकडे विहिरीला, नांगराला पडतात तशी.

या मार्चमध्ये रेल्वेच्या पलीकडच्या एका वसाहतीतली पाच-सहा माणसं रविवारी सकाळी आमच्या दाराशी आली. त्यांच्याकडे दरवर्षी पाणी भरतं. कुणाकडून तरी त्यांनी आमच्याबद्दल ऐकलं होतं. "आमच्या इथंही अशी काही असेल का हो?" त्यांनी विचारलं. मी त्यांना आजींकडे घेऊन गेले.

आजी मासे निवडत होत्या. त्यांनी हात धुतले आणि म्हणाल्या, "तिथं तीन व्हत्या." मग काठी घेतली आणि निघाल्याच. मागे ती माणसं, फोनवर फोटो काढत, आणि त्यांच्या मागे मी, काखेत ट्रेसिंग पेपरची गुंडाळी. शेजारच्या आजींनी हे बघितलं आणि न बोलावता त्याही आल्या. दोघी वाटभर भांडत होत्या, पहिली उघाडी चिंचेच्या अलीकडे की पलीकडे. दुपारी बारापर्यंत एक सापडली, चिंचेच्या पलीकडे. दुसरीचे दगड संध्याकाळी सापडले, एका गॅरेजच्या मागे, त्यांवर टायर रचलेले. तिसरीच्या जागेवर आता रुंद डांबरी रस्ता आहे. आजींनी तिथं रस्त्याच्या कडेला काठी टेकली, गाड्या जाऊ दिल्या आणि मला म्हणाल्या, "हितं. कागदावर मांड."

मी मांडली.